गच्चीवर होडी

आज दिवसभर गच्चीवर प्लायवूड शिवत बसलो. हो, शिवतच! कडेला भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची, पकडीनं पीळ द्यायचा. सपाट तुकडे वाकत वाकत होडीचा आकार घेतात. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये 'मिरर' नावाची शिडाची होडी याच पद्धतीनं लोकांनी घरोघरी बनवली. सुतारकाम न शिकलेल्यांसाठी झकास.

प्लाय मात्र आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मार्काचा, मरीन म्हणजे पाण्यात टिकणाराच घ्यावा. साधा पाण्यात फुगतो, थर सुटतात.

खरा खेळ इपॉक्सीचा, म्हणजे सांधे जोडणाऱ्या चिकट रेझिनचा. त्यात हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा भाग, मिसळला की ते आपोआप तापतं, त्यात आपल्या पैठणचं ऊन! खोल डब्यात ठेवलं तर बघता बघता दगड. म्हणून पहाटेच, थोडं थोडं, पसरट भांड्यात कालवायचं. आईनं जुनी परात दिली, "आता ही तुझीच" म्हणत.

शेजारचे काका डोकावून गेले. "प्यायला टँकर येतो अन् तू होडी करायला का रे?" बोलणं रास्तच. पण जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे की, काका! तिथं पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे आधी परवानगीची चौकशी, मग पाणी.

शीड शिवायचं बाकी. टेलर म्हणतो, लग्नसराई सरू दे.