‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे सठीसामाशी

‘वन्स इन अ ब्लू मून’ला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: सठीसामाशी. गोष्ट घडते, पुन्हाही घडते, पण फार दिवसांनी. ‘ही कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे त्याचा सठीसामाशी फोन येतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती नकाराची. मनात ‘तो फोनच करत नाही’ असं असतं, म्हणून तोंडून ‘ही डझन्ट कॉल मी वन्स इन अ ब्लू मून’ जातं. इथे ‘डझन्ट’ काढून टाकायचं. अजिबातच येत नसेल, तर सरळ ‘नेव्हर’ म्हणावं. आयुष्यात एकदाच चालून येणाऱ्या संधीलाही हा वाक्प्रचार लागत नाही. तिथे ‘वन्स इन अ लाइफटाइम’. मधला ‘अ’ गाळू नका, त्याचा ‘द’ही करू नका. जागा बहुधा वाक्याच्या शेवटी. बोलण्यात, घरगुती पत्रात शोभतो. कार्यालयीन अहवालात ‘रेअरली’ लिहिलेलं बरं.

आता चंद्राचं. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात, आणि वाक्प्रचार त्यावरूनच आला असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. वाक्प्रचार १९व्या शतकातच रुळला होता; ही व्याख्या पसरली १९४६च्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’मधल्या लेखामुळे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतकरी पंचांगाचा नियम वेगळा होता: एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या, तर तिसरी ब्लू मून. लेखकाने तो चुकीचा लावला आणि चुकीचाच अर्थ रूढ झाला.

हिशेब मात्र आपल्या ओळखीचा आहे. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे बारा चांद्रमासांचे साधारण ३५४. वर्षाला उरलेले अकरा दिवस साठत जातात. आपण त्यांचा अधिक महिना करतो, तिकडे एखाद्या महिन्यात जास्तीची पौर्णिमा पडते. दोन्ही १९ वर्षांत साधारण सात वेळा. ऑगस्ट २०२३मध्ये तर दोन्ही पौर्णिमा श्रावणाच्याच होत्या: पहिली अधिक श्रावणाची, दुसरी नारळी.

ब्लू मून म्हणून त्या रात्री चंद्र निळा दिसत नाही. तसा तो दिसला होता १८८३मध्ये, क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर. हवेत साधारण एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या), एकसारख्या आकाराच्या कणांची दाटी झाली, की लाल प्रकाश जास्त विखुरतो आणि आपल्यापर्यंत निळसर पोचतो.