व्होल्व्हेची विहीर आणि माझे तीस मीटर

आमच्या गावात बोअर मारण्याआधी पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. एमएस्सीच्या प्रकल्पात मी जमिनीखालचं तेल शोधतोय म्हटल्यावर घरच्यांना हा त्याचाच प्रकार वाटला.

प्रकल्पासाठी उत्तर समुद्रातलं नॉर्वेचं व्होल्व्हे क्षेत्र घेतलं, कारण त्याचा डेटा फुकट मिळतो. २००८ ते २०१६ तेल काढून क्षेत्र बंद झालं आणि २०१८ मध्ये इक्विनॉर या नॉर्वेच्या तेल कंपनीनं तिथल्या सुमारे ४०,००० फायली खुल्या केल्या. एरवी असला डेटा विद्यार्थ्याला कोण देतो?

सुरुवात विहिरीच्या लॉगपासून, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांपासून. गॅमा रे (खडकाची नैसर्गिक किरणोत्सारिता) जास्त तर शेल, म्हणजे चिकणमातीचा खडक, कमी तर बहुधा वालुकाश्म. व्होल्व्हेचं तेल ज्यात आहे त्या ह्युगिन वालुकाश्मात गॅमा खाली उतरला आणि रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) वर चढली. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, तेलातून नाही. मी खूश. मग सरासरी सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या छिद्रांचा वाटा, काढली तर उत्तर उणे! दोन दिवस सूत्रं तपासली. जिथे मोजमाप नसतं तिथे फाइलीत -९९९.२५ लिहिलेलं असतं, आणि मी ते आकडेही इमानदारीत बेरजेत धरले होते.

पुढे छिद्रांत पाणी किती ते रेझिस्टिव्हिटीवरून काढणारं आर्चीचं सूत्र, १९४२ चं. सच्छिद्रता २० टक्के, खडकाची रेझिस्टिव्हिटी २० ओहम-मीटर आणि छिद्रांतल्या खाऱ्या पाण्याची ०.०७ धरली, तर छिद्रांमध्ये पाणी सुमारे ३० टक्के येतं. हा ०.०७ चा आकडा दुप्पट धरा, पाणी ४२ टक्के होतं. म्हणजे ७० टक्के तेलाचं ५८ झालं, तेही खडकाला हात न लावता.

पण खरा घाम सिस्मिकनं काढला, म्हणजे जमिनीखालच्या थरांवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींच्या नोंदीनं. लॉग मीटरमध्ये बोलतो, सिस्मिक मिलिसेकंदात. दोघांची गाठ घालायला सोनिक (खडकातला ध्वनीचा वेग) आणि घनतेच्या लॉगवरून कृत्रिम सिस्मोग्राम बनवतात आणि तो खऱ्या सिस्मिकशेजारी ठेवून जुळवतात. वरच्या चॉकचं (खडूसारख्या चुनखडीच्या थराचं) ठळक परावर्तन झकास जुळलं, खाली ह्युगिनपाशी मात्र १५ मिलिसेकंदांची तफावत. सॉफ्टवेअरमध्ये लॉग ताणून जुळवता येतो. मी तेच केलं. चित्र सुंदर दिसलं.

सरांनी एकच प्रश्न विचारला, "विहीर सरळ आहे की तिरकी?"

तिरकी होती. मी विहिरीच्या वाटेनं मोजलेली लांबीच उभी खोली म्हणून वापरली होती. वर विहीर जवळपास उभी, म्हणून तिथे जुळलं. खाली कललेली, म्हणून फसलं. सेकंदाला ४,००० मीटर वेग धरला तर जाऊन-येऊन १५ मिलिसेकंद म्हणजे ३० मीटर. उताराच्या रचनेत तेल-पाण्याची सीमा ३० मीटर सरकली की नकाशावरचं क्षेत्रफळ कुठल्या कुठे जातं, आणि साठ्याचा सगळा हिशेब क्षेत्रफळ गुणिले जाडी असाच सुरू होतो.

विहिरीचा कल मोजलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये होती. ती घालून गाठ पुन्हा बांधली. या वेळी ताणावं लागलं नाही. मग साठ्याचा एक आकडा न देता कमी, मधला, जास्त असे तीन दिले. व्होल्व्हेतून प्रत्यक्षात सुमारे ६.३ कोटी बॅरल तेल निघालं. जुन्या, ताणलेल्या जुळणीचा नकाशा मी अहवालाच्या परिशिष्टात तसाच ठेवलाय, सरांच्या सांगण्यावरून.