लाल पानं बघायला गेलो अन् खाजकुयरी घेऊन आलो

मोठीला शाळेत ऋतूंचा प्रोजेक्ट मिळाला होता. पानगळ दाखवायची तर पोरीनं काय केलं, गुगलवरून मॅपलच्या पानाची प्रिंट काढली अन् दिली चिकटवून, ते कॅनडाच्या झेंड्यावरचं. म्हटलं अगं आपल्या इकडं हे झाड तरी आहे का? तर म्हणे, बाबा आपल्याकडं पानगळ नसतेच, ऑक्टोबरमध्ये सगळं हिरवंच तर असते. आता नागपुरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या पोट्टीचं तरी काय चुकलं म्हणा. होळीच्या आधीच्या शनिवारी सकाळीच गाडी काढली अन् भंडारा, साकोली करत नवेगावबांधच्या बाजूला मावशीचं गाव गाठलं.

गावाच्या मागंच सागाचं रान लागते. पानगळीचं म्हटलं की सगळे रंगाचं बोलतात पण आमच्या पोट्ट्यांना आधी सापडला तो आवाज. साग जवळपास उघडा झालेला, खाली घोट्यापर्यंत पानं, अन् एकेक पान एवढं मोठं की धाकट्यानं तोंडावर धरलं तर कान सोडून काही दिसेना. पाय टाकला की कर्रर्र. मग काय, पळत सुटले दोघंही, मी ओरडून राहिलो हळू हळू तर माझंच मला ऐकू येईना. मावसभाऊ म्हणाला, दादा या दिवसात वाघबी पानातून चालत नाही, बैलगाडीच्या वाटेनं जाते, शिकार पळून जाईन ना. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे त्यामुळं हे काही नुसतं पोट्ट्यांना भेव दाखवायला नव्हतं, आम्हीही बांधाच्या पलीकडं गेलो नाही.

काही पानांची नुसती जाळी झालेली. सागावर एक अळी पडते, ती हिरवं हिरवं खाऊन घेते अन् शिरा तशाच सोडून देते. मोठीनं अशी पंधरा-वीस पानं गोळा केली, एकेक सूर्यासमोर धरून बघत होती. झाड पानं टाकून का देते, हा प्रश्न आलाच. पानातून पाणी उडत राहते, उन्हाळ्यात जमिनीत पाणी नाही, मग झाड पानातलं कामाचं आहे ते आत ओढून घेते, देठाशी पक्कं बूच लावते अन् पान सोडते. थंडीच्या देशात थंडीमुळं गळतात, आपल्याकडं कोरड पडते म्हणून, एवढाच फरक. नाल्याजवळचं जांभूळ मात्र भर मार्चात हिरवंगार उभं होतं, ते तिला मी न सांगता दिसलं याचा मला जास्त आनंद झाला.

तेवढ्यात धाकटा बोंबलला. पानं जमवता जमवता साहेबांनी वेलीवरची मखमलीसारखी तपकिरी शेंग तोडून खिशात घातली होती. खाजकुयरी! हात, मान, मांडी सगळं लाल. मी बाटलीतलं पाणी ओतणार तर मावशी धावत आली, “पाणी नको टाकू रे बापा, आखीन पसरन! थांब, मी शेण आणतो.” ओलं शेण थापलं, वाळू दिलं अन् खरवडून काढलं, त्याच्याबरोबर ती बारीक कुसं निघून आली. पोट्टा खाज विसरून शेणाच्या वासावरच रडत होता. पँट आम्ही तिथंच टाकून आलो.

रात्री पानगे. कणकेचे जाड गोळे थापून पळसाच्या पानात गुंडाळायचे अन् गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी अन् वरण. पण ऐन शिमग्यात पळसाला फुलंच फुलं, पान नाही! मावशीनं नाल्याकाठच्या लहान झुडपांवरची उरलीसुरली पानं शोधून आणली. भाजलेल्या पानाचा वास पानग्याला लागतो तो आपल्या ओव्हनला जन्मात जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच मोहफुलं वेचायला. मावशी झाडाखालची पानं झाडून ठेवते, पेटवत नाही. बरेच जण फुलं नीट दिसावी म्हणून पाला जाळतात अन् तीच आग मग रानात घुसते. फुलं टपटप पडत होती, धाकट्यानं एक खाल्लं, दुसरं मागितलं. अस्वलालाही मोह फार आवडते म्हणून सगळ्या बाया मोठ्यानं बोलतच वेचत होत्या, त्यात अर्ध्या गावाच्या भानगडी मला फुकटात कळल्या.

अन् परतताना वाटेवर कुसुमचं झाड दिसलं. पूर्ण लाल, शेंड्यापासून बुडापर्यंत. मोठी म्हणाली, बाबा हेच तर मॅपल! जवळ जाऊन हात लावला तर पानं एकदम मऊ, ओलसर, कोवळी. ही गळायला आलेली नव्हती, नुकतीच फुटलेली होती. कोवळ्या पानात हिरवा रंग भरायला वेळ लागतो, तोवर हा लाल रंग उन्हापासून सांभाळतो. म्हणजे तिकडं म्हातारी पानं लाल होतात अन् आपल्याकडं बाळं. हे मलाही चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं, कुसुम मी लहानपणापासून पाहतो.

प्रोजेक्टमध्ये मॅपल तसंच ठेवून तिनं शेजारी जाळीचं पान चिकटवलं, खाली लिहिलं “पानगळ, मार्च”. टीचरनं मार्चला लाल गोल करून “ऑक्टोबर?” असं लिहून परत पाठवलं. मोठी म्हणते टीचरला मावशीआजीकडं न्यायचं. धाकटा म्हणते खिसे शिवून न्या.