बॉल पायथनची जोडी जमेना तेव्हा

मुलुंडच्या आमच्या घरात बॉल पायथन आहेत. पश्चिम आफ्रिकेतला हा बिनविषारी अजगर. आपल्याकडचे साप पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. ही जात परदेशी आणि सायटिसच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतली, म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी लागते. ती झाली होती. अडलं होतं पिल्लांपाशी. थंडीत दोघं एकत्र ठेवूनही काही घडत नव्हतं, आणि ज्याला विचारावं तो म्हणे, "अजून थोडे दिवस ठेवा की."

मला ते पटेना. सापांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे दोघांना नेलं. त्यांनी शेपटीच्या मुळाशी बारीक सळई घालून लिंग तपासलं. नरात ती बरीच खोल जाते, मादीत थोडीच. विकणाऱ्याने नर म्हणून दिलेला प्राणी मादी निघाला! हे काम शिकलेल्या हातानेच करावं, इजा सहज होते.

ठाण्याच्या मित्राकडून खात्रीचा नर आणला, मालकी बदलल्याची नोंद केली. तरी डॉक्टर म्हणाले, "घाई नको, गौरीचं वजन कमी आहे." गौरी म्हणजे आमची मादी. मादी साधारण 1,500 ग्रॅमच्या पुढे गेल्यावरच जोडी लावावी, असं जाणकार सांगतात. तो हिवाळा आम्ही सोडून दिला. भराभर उंदीर चारून वजन वाढवण्याला माझा ठाम विरोध आहे. चरबी चढलेल्या मादीची अंडी अडू शकतात, आणि त्यात जीवही जातो.

मग तापमान. थर्मोस्टॅटमुळे पेटीत दिवसरात्र सारखीच ऊब होती, म्हणजे गौरीला ऋतू बदलल्याचं कळायला काही वावच नव्हता. मुंबईत खोलीची हवा आपोआप उतरते ती डिसेंबर-जानेवारीतच. तेव्हा दिवसा उबेची जागा 31-32 अंशांवर ठेवली आणि रात्री पेटी 24-25 पर्यंत उतरू दिली. नराला अधूनमधून तिच्याकडे सोडायचं, मध्ये विश्रांती द्यायची. मीलन दिसलं. पण मीलन झालं म्हणजे अंडी येतीलच असं नाही. सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे अंडाशयातली अंड्यांची बीजं, वाढताना दिसले तेव्हा कुठे धीर आला. पुढे एक दिवस तिचं पोट मध्यावर चांगलंच फुगलं, ते ओव्ह्युलेशन, म्हणजे बीजं अंडाशयातून सुटणं. त्यानंतर तिने कात टाकली आणि साधारण महिन्याभराने सहा अंडी घातली. एक पिवळट, आक्रसलेलं, म्हणजे फळलेलं नव्हतं.

खरी कसोटी मे महिन्यात लागली, आणि तिच्याबद्दल कोणीच सावध केलं नव्हतं. अंड्यांना 31-32 अंश हवेत, पण आमचा इन्क्युबेटर (अंडी उबवायची पेटी) फक्त गरम करतो, गार करत नाही. वरच्या मजल्यावरची खोली दुपारी त्याच्याही वर जाते. इन्क्युबेटर एसीच्या खोलीत हलवला. हलवण्याआधी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने वरची बाजू खुणावली, कारण अंडं उलटलं तर आतला जीव गुदमरू शकतो.

दोन महिन्यांच्या आसपास पाच पिल्लं बाहेर आली. पहिली कात टाकल्यावर बहुतेकांनी खाल्लं. एकाला उंदराचं पिल्लू जरा कोमट करून द्यावं लागलं. पोर्टलवर जन्माची नोंद केली. गौरी मात्र पार उतरली आहे. येत्या थंडीत तिच्याजवळ नर सोडणार नाही; आधी तिचं वजन भरून यायला हवं.