जिप्सम पार्टिशनचे जॉइंट रंगानंतर दिसू नयेत म्हणून

घरात जिप्सम बोर्डाचं पार्टिशन करताय ना, मग रंगाचा ब्रँड नंतर बघा, आधी जॉइंट कसे भरतायत ते बघा. बऱ्याच ठिकाणी नुसती पीओपी किंवा पुट्टी दाबून मोकळे होतात, टेपच नाही, आणि मग काही महिन्यांत बरोब्बर जॉइंटवर सरळ रेघेत तडा.

बोर्डाच्या लांब कडा थोड्या उतरत्या येतात, त्या खोलगट पट्टीत आधी जॉइंटिंग कंपाउंड (जॉइंट भरायचा खास लगदा), ते ओलं असतानाच कागदी टेप, पात्याने दाबून खालचं जास्तीचं कंपाउंड बाहेर काढायचं पण सगळं नाही हं, टेपखाली कोरडं राहिलं की तिथेच फुगा येतो. वाळलं की दुसरा हात, मग तिसरा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा रुंद. कापलेल्या कडा जिथे भिडतात तिथे तो उतार नसतो, म्हणून तिथे टेपचा उंचवटा राहतोच, तो लपवायला दोन्ही बाजूंना चांगलं फूटभर पातळ ओढत न्यावं लागतं. हे काम मला फार आवडतं, पात्याची कड शेवटी अलगद उचलली की कंपाउंड कुठे संपलं ते बोटालाही कळत नाही.

पावसाळ्यात मात्र घाई नकोच, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या. मग बारीक पॉलिश पेपर, आणि भिंतीला चिकटून बाजूने टॉर्च मारा, सगळे उंचसखल दिसतात. प्रायमर मारायचाच, कारण बोर्डावरचा कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा शोषतात, न मारल्यास जॉइंटचे पट्टे रंगातून दिसतात.