तुम्ही विचारलंत म्हणून : पोराला कुठली लँग्वेज शिकवू?

राजारामपुरीत चहाला थांबलो असेन किंवा लग्नाच्या पंगतीत बसलो असेन, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पोराला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातलंय, त्याला कुठली लँग्वेज शिकवू?" आजवर मी जावा किंवा पायथन असे तोंडदेखले उत्तर देत आलो, आणि विचारणारेही समाधानाने घरी गेले. खरी अडचण अशी आहे की हा प्रश्न सॉफ्टवेअरची नोकरी ही एकच नोकरी धरून विचारलेला असतो. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत पॅटर्न करणारा, भट्टी सांभाळणारा आणि तयार कास्टिंग तपासणारा यांचे काम एकच आहे असे कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही. संगणकासमोर बसणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण सगळ्यांना एकाच रांगेत उभे करतो.

आपल्याकडचेच उदाहरण घेतो. गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सभासद दूध घेऊन येतो, दुधाचे माप होते, यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवते, त्यावरून दर लागतो, पावती निघते आणि दहा दिवसांचे बिल खात्यावर जमा होते. एवढ्याशा वाटेवर निदान पाच प्रकारचे सॉफ्टवेअरवाले बसलेले असतात. दूध तपासणाऱ्या यंत्राच्या आतला प्रोग्राम लिहिणाऱ्याला सी भाषा येणे ही सुरुवात झाली. त्याला चिपची माहितीपत्रके वाचता यावी लागतात, किलोबाइटमध्ये मोजण्याइतक्या मेमरीत संसार करावा लागतो आणि सेन्सरचा आकडा का थरथरतो हे शोधताना इलेक्ट्रॉनिक्सवाल्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागते. यंत्र एकदा गावोगाव पोहोचले की त्यातली चूक दुरुस्त करायला गावोगाव जाण्याची वेळ येऊ शकते, त्यामुळे येथे सावकाश काम करणारा माणूस शोभतो.

त्याच्या पुढे हिशेब ठेवणारा येतो, ज्याला आम्ही बॅकएंडवाला म्हणतो. मी स्वतः याच जातीचा, म्हणून येथे जरा थांबतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका हिशेबाच्या प्रणालीत मी रुपये-पैसे दशांश अपूर्णांक म्हणून साठवले. संगणक आतून द्विमान, म्हणजे फक्त 0 आणि 1 च्या, पद्धतीने मोजतो आणि त्या पद्धतीत 0.1 हा आकडा नेमका बसत नाही. बहुतेक भाषांमध्ये 0.1 आणि 0.2 यांची साधी बेरीज केली तर उत्तर 0.30000000000000004 असे येते. एका पावतीत हा फरक कुणाला दिसत नाही, पण हजारो नोंदींची बेरीज आणि प्रत्येक पावतीची स्वतंत्र बेरीज यांत काही पैशांचा फरक पडला, आणि हिशेबनिसांनी तो अर्थातच पकडला. पैसे पूर्णांकात, म्हणजे थेट पैशांतच साठवावेत हे मी तेव्हा शिकलो. या कामाला एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदी शोधण्याची आणि बदलण्याची भाषा, लागते, माहिती टेबलांत ठेवण्याची 1970 साली एडगर कॉड यांनी मांडलेली कल्पना मुळातून समजावी लागते, आणि दोन माणसांनी एकाच क्षणी एकच खाते उघडले तर काय होईल, किंवा नोंद अर्धी झाली असताना वीज गेली तर काय उरेल, असे विचार करण्याची खोड लागते.

मोबाइल ॲप करणाऱ्याची परीक्षा वेगळी. रेंज नसलेल्या गावात नोंद फोनमध्येच राहून नंतर वर गेली पाहिजे, भर उन्हात आकडा वाचता आला पाहिजे आणि जोडाक्षरे मोडता कामा नयेत. पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत बसून हे सुचत नाही. सगळ्या नोंदी जिथे जमा होतात तो सर्व्हर चालता ठेवणाऱ्याला लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि रात्री दोनला वाजणारा फोन या तिन्हींची सवय हवी.

टेस्टिंगकडे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम तपासण्याच्या कामाकडे, मात्र आपल्याकडे कमीपणाने पाहतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. 4 जून 1996 रोजी एरियान 5 हे युरोपचे रॉकेट उड्डाणानंतर मिनिटाच्या आतच नष्ट झाले, कारण 64 बिटांचा एक आकडा 16 बिटांच्या जागेत कोंबला गेला. तो प्रोग्राम आधीच्या एरियान 4 वर नीट चालत होता. नव्या रॉकेटच्या वेगाचे आकडे घालून तो तपासून पाहणारा कोणी हवा होता. चांगल्या टेस्टरला ही शंका आधी येते.

ईआरपीचे, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे, काम आणखी निराळे, आणि कोल्हापूर सोडायचे नसणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. तेथे प्रोग्रामिंगपेक्षा हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला दिलेला क्रमांक), रिजेक्शन आणि जॉबवर्कला गेलेला माल कागदावर कसा दाखवतात हे समजणे अधिक मोलाचे ठरते. उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपमध्ये वाढलेल्या मुलाला हे आयतेच ठाऊक असते.

तरीही लँग्वेजचे नावच हवे असेल तर सांगतो. मुलाने घरातला मिक्सर कधी उघडून पाहिला असेल तर सी घ्या. नसेल तर पायथनने सुरुवात करा. एसक्यूएल दोन्हीकडे शिकवा, आणि पहिला प्रोग्राम म्हणून त्याच्याकडून गल्लीतल्या भिशीचा हिशेब लिहून घ्या.