धुतलेले पाय

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि मला सगळ्यात आधी आठवले ते माझे स्वतःचे पाय.

नववीत मी वर्गाचा मॉनिटर होतो. सर वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हे माझे काम, आणि ते मी फार निष्ठेने करीत असे. मित्रांची नावे जरा उशिरा लिहायचो, एवढीच काय ती लबाडी. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमधल्या मिस्सेत (उपासनेत) फादर बारा जणांचे पाय धुतात; येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. त्या वर्षी या विधीसाठी फादरांनी बारा मुले निवडली. त्यात माझे नाव होते. मला मुळीच नवल वाटले नाही. मॉनिटर नाही तर कोण! नवल वाटले ते यादीतल्या शेवटच्या नावाचे. फळ्यावर ज्याचे नाव कायमचे, आणि सहलीचे पैसे ज्याने उचलले असे सगळी शाळा म्हणत होती, तो मुलगा.

आम्ही तिघे तक्रार घेऊन गेलो. फादरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. यहूदा त्या खोलीतून कधी बाहेर पडला, ते शोधा आणि मला येऊन सांगा."

बायबल काढून शोधले. यहूदा, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, त्या भोजनाच्या खोलीतून बाहेर पडतो तिसाव्या ओवीत. पाय धुऊन होतात बाराव्या ओवीपर्यंत. म्हणजे दगा देणाऱ्याचेही पाय येशूने धुतले, आणि मनात काय आहे ते ठाऊक असताना धुतले. उत्तर सांगायला आम्ही परत गेलोच नाही.

गुरुवारी दुपारी मी पाय साबणाने तीनदा धुतले. टाचा घासल्या, नखे कापली. विधीत एकच, उजवा पाय धुतात. मी दोन्ही तयार ठेवले होते. फादर माझ्यापुढे गुडघे टेकून बसले, पायाकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "अरे, मला काही शिल्लकच ठेवलं नाहीस!" शेजारचा मुलगा फिसकन हसला. माझे कान तापले.

सेवक होऊन नेतृत्व करण्याबद्दल पुढे पुष्कळ ऐकले. 1970 साली रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी गृहस्थांनी एक निबंध लिहिला, तेव्हापासून ही कल्पना कंपन्यांच्या प्रशिक्षणातही शिरली. तिथे ती फार गुळगुळीत होते, असे माझे मत. मूळ गोष्ट खरखरीत आहे. शुभवर्तमान लिहिणारा मार्क सांगतो की याकोब आणि योहान हे दोघे शिष्य, सख्खे भाऊ, येशूकडे उजव्या-डाव्या हाताची आसने मागायला गेले, आणि बाकीचे दहा जण त्यांच्यावर चिडले. (ते का चिडले असतील, हे मॉनिटर राहिलेल्याला विचारावे.) दुसरे शुभवर्तमान लिहिणारा लूक तर आपल्यात मोठा कोण हा वाद शेवटच्या भोजनाच्या वेळचाच म्हणून सांगतो. त्याच भोजनातून गुरू उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचे काम हाती घेतो. पेत्र या शिष्याला ते सहन होत नाही. त्याने पाय मागे घेतला, तो नम्रपणा होता असे मला लहानपणी वाटे. आता तसे वाटत नाही. आपली धूळ दुसऱ्याने पाहावी हेच त्याला नको होते.

आणि धुऊन झाल्यावर येशू काय म्हणतो? तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. म्हणजे खाली बसल्याने त्याचे गुरुपण कुठे गेले नाही. सेवा करायची म्हणून अधिकार सोडून हात झटकणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताखालच्यांचे फार हाल होतात.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी नियम लिहिले, त्यात याची छान सोय आहे. आठवड्याची स्वयंपाकाची पाळी संपवणारा आणि नवी पाळी घेणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. सगळ्यांचे, निवडक बारांचे नाही. 2013 साली पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले. त्यात मुली होत्या, मुसलमानही होते. तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. बातमी वाचताना मला आमच्या यादीतले बारावे नाव आठवले.

पुढे माझ्या हाताखाली माणसे आली आणि फादरांचे ते वाक्य मला रोज ऐकू येऊ लागले. प्रत्येकजण माझ्याकडे पाय धुऊनच यायचा. कामाचे अहवाल चकचकीत, अडचण एकही नाही. चूक कळायची ती ती हाताबाहेर गेल्यावर. यात दोष त्यांचा नव्हता. मी अजून फळ्याशीच उभा आहे, हे त्यांनी ओळखले होते.

त्या गुरुवारचे एक सांगायचे राहिले. फादरांचे गुडघे दुखत. बाराव्या मुलाचा पाय धुऊन झाल्यावर त्यांना उठताच येईना. हातात तांब्या धरलेला वेदीसेवक गोंधळला. तो मुलगा एक पाय ओला, एक पाय बुटात, तसाच उभा राहिला, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवले. घाईत त्याचा ओला पाय फादरांच्या पांढऱ्या झग्यावर पडला. मी दोन खुर्च्या सोडून, स्वच्छ पाय जुळवून बसून होतो. उठावे असे माझ्या मनातही आले नाही.